कोणासारखं दिसायचं?

आजचा विषय आम्ही निवडलेला नाही, तो आमच्या नातीनं दिला. पुढच्या महिन्यात आम्हा दोघा म्हाताऱ्यांना तिच्याकडे हॉलंडला जायचं आहे. तिनं फोनवरून सूचनांची यादीच दिली. पांढरेशुभ्र बूट नकोत. कमरेला पाऊच नको. कंपनीचं नाव छापलेली टोपी नको. आजीनं साडीवर स्वेटर आणि स्वेटरवर मफलर असा थाट करायचा नाही. का, तर तुम्ही लांबून प्रवासी म्हणून ओळखू येता आणि खिसेकापू तेच हेरतात. शेवटचं वाक्य असं होतं: "आजोबा, इथल्या लोकांसारखे दिसा."

सल्ला शहाणपणाचा आहे, यात शंका नाही. पण आमचा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला, त्यामुळे साधा सल्लासुद्धा आम्हाला दोन दिवस झोपू देत नाही. इथले लोक म्हणजे कोण? नातीचं ऑफिस असलेल्या गल्लीतले, की तिच्या ऑफिसात रात्री झाडू मारणारे? दोघेही तिथलेच.

एक जुनी फजिती सांगतो. पहिल्यांदा युरोपात परिषदेला गेलो तेव्हा पुण्यातल्या शिंप्याकडून मुद्दाम काळा सूट शिवून घेतला होता. साहेबाच्या मुलुखात साहेबासारखं जावं, एवढीच अक्कल. सभागृहात पाहतो तो सगळे विद्वान ढगळ स्वेटरात आणि कॉर्डुरॉयच्या विजारीत. काळा सूट घातलेली माणसं दोनच. एक आम्ही आणि दुसरा कॉफी देणारा. पहिल्या मध्यंतरात एका जर्मन बाईंनी आपला रिकामा कप अगदी सहज आमच्या हातात दिला. आम्ही तो घेतला आणि नेऊन ठेवला. काय करणार?

पण ही फजिती आमच्या आधी फार मोठ्या माणसाची झालेली आहे. आजचं व्याख्यान बरंचसं त्याच वाटेनं जाणार आहे.

४ सप्टेंबर १८८८ ला मोहनदास गांधी मुंबईहून 'क्लाइड' बोटीनं विलायतेला निघाले. बोटीवर काळा सूट घातला आणि मित्रांनी करून दिलेला पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट उतरताना घालायचा म्हणून जपून ठेवला. पांढरे कपडे जास्त शोभतील, अशी कल्पना. सप्टेंबरचे शेवटचे दिवस, विलायतेची हवा, आणि उतरून पाहतात तर पांढऱ्या कपड्यात आपण एकटेच! बाकीचं सामान किल्ल्यांसकट एजंटाच्या ताब्यात दिलेलं. दुसरा दिवस रविवार, म्हणजे सामान मिळणार नाही. एकोणीस पुरी व्हायला चारदोन दिवस राहिलेल्या त्या मुलाचा जीव किती कानकोंडा झाला असेल! संध्याकाळी डॉ. प्राणजीवन मेहता भेटायला आले. त्यांची रेशमी उंच टोपी बाजूला ठेवलेली. गांधींनी कुतूहलानं तिच्यावरून उलटा हात फिरवला आणि तिची लव विस्कटली. मेहतांनी रागानं पाहिलं. युरोपीय शिष्टाचाराचा हा आपला पहिला धडा, असं गांधींनी आत्मकथेत लिहून ठेवलं आहे.

पुढचं आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलेलं असेल. मुंबईचे कपडे विलायतेत शोभत नाहीत म्हणून 'आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स'मधून नवे घेतले. १९ शिलिंगांची उंच टोपी. बाँड स्ट्रीटवर शिवलेला १० पौंडांचा संध्याकाळचा पोशाख. भावाकडून घड्याळाची सोन्याची दुपदरी साखळी मागवली. रोज दहा मिनिटं मोठ्या आरशासमोर टाय आणि भांग. नाचाची शिकवणी, व्हायोलिन, वक्तृत्वाचा मास्तर. हे खूळ तीनेक महिने टिकलं. कपड्यांचा काटेकोरपणा मात्र पुढे कित्येक वर्षं राहिला. सच्चिदानंद सिन्हांनी १८९० च्या फेब्रुवारीत पिकॅडिली सर्कसला पाहिलेले गांधी उंच चकचकीत टोपीत आणि कडक कॉलरीत होते.

यावर हसणं सोपं आहे, आणि गांधी स्वतःच हसले आहेत. पण थोडा हिशेब करू या. १८८९ च्या उन्हाळ्यात लंडनच्या गोदी कामगारांचा मोठा संप झाला. मागणी काय, तर तासाला ६ पेन्स मजुरी. एका शिलिंगात १२ पेन्स. म्हणजे १९ शिलिंगांच्या टोपीसाठी त्या कामगाराला, मागितलेला दर मिळाल्यावरसुद्धा, ३८ तास ओझी वाहायला लागली असती. तोही लंडनचाच होता. काड्यापेट्यांच्या कारखान्यात १८८८ च्या जुलैत संप करणाऱ्या पोरीही लंडनच्याच. गांधींना "इथल्या लोकांसारखं" दिसायचं होतं, म्हणजे या कोणासारखं नव्हतं. बाँड स्ट्रीटच्या मूठभर लोकांसारखं दिसायचं होतं. परक्या मुलुखात आपण कपडे निवडतो तेव्हा देश निवडत नसतो. त्या देशातली एक पायरी निवडत असतो.

ही गोष्ट त्यांना कोणी शिकवली? डर्बनच्या अब्दुल्ला शेठनी. आम्हाला हा प्रसंग फार आवडतो. १८९३ साल. गांधी फ्रॉककोट आणि पगडी घालून तिथल्या कोर्टात बसले. मॅजिस्ट्रेट म्हणाला, पगडी काढा. हे उठून बाहेर आले. मग विचार केला, रोज अपमान नको, सरळ इंग्रजी हॅट घालावी. अब्दुल्ला शेठ म्हणाले, तसं करू नका. एक तर पगडीसाठी भांडणाऱ्यांची बाजू तुम्ही पडू द्याल. दुसरं म्हणजे इंग्रजी हॅट घातलीत तर लोक तुम्हाला वेटर समजतील. नाताळमध्ये पुष्कळ हिंदी ख्रिस्ती तरुण हॉटेलांत वाढपी होते आणि ते हॅट घालत. म्हणजे जी हॅट लंडनमध्ये बॅरिस्टर करत होती, तीच डर्बनमध्ये त्याच माणसाला वेटर करणार होती! हॅट तीच, डोकंही तेच. आम्हाला आमचा तो कॉफीचा कप आठवतो.

इथं देकार्तची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. १६४१ च्या 'चिंतनां'मध्ये तो खिडकीतून रस्त्यावरची माणसं पाहतो आणि विचारतो, मी खरं पाहतो काय? टोप्या आणि कोट. त्यांच्याखाली यंत्रंही असू शकतील. खाली माणूस आहे हा माझ्या बुद्धीचा निर्णय आहे, डोळ्यांचा नाही. वर्गात आम्ही हा उतारा तीसेक वर्षं शिकवला. शिकवताना आम्हाला सुचलं नव्हतं ते असं, की टोपीखाली माणूस आहे एवढ्यावर हा निर्णय थांबत नाही. तो कोणत्या दारानं आत यायचा माणूस आहे, हेही पाहणारा त्याच दमात ठरवून टाकतो.

१८९६ च्या अखेरीस गांधी कुटुंबाला घेऊन पुन्हा नाताळला निघाले. प्रश्न आला, कस्तुरबांनी आणि मुलांनी काय घालायचं? पूर्ण युरोपीय पोशाख फार होईल. काठियावाडी चालणार नाही. मग मधला मार्ग काढला. हिंदी लोकांत पारशी सर्वांत सुधारलेले समजले जात, म्हणून कस्तुरबांना पारशी पद्धतीची साडी, मुलांना पारशी कोट आणि पाटलोण. सगळ्यांना बूट आणि मोजे. बूट पायाला चावत, मोज्यांना घामाची घाण येई, बोटं दुखत. कस्तुरबांना हे पसंत होतं का? गांधींनी प्रामाणिकपणे लिहिलं आहे, की त्यांनी दुसरा इलाज नाही म्हणून ते स्वीकारलं. सुधारणेची किंमत बहुतेक वेळा बायकोच्या पायाची बोटं देतात.

आणि गंमत पाहा. बोट बंदराबाहेर अडवून ठेवलेली, १३ जानेवारी १८९७ ला एकदाची लागली. गांधींना रस्त्यात गोऱ्या जमावानं मारहाण केली. ते पारशी रुस्तमजींच्या घरी पोचले. घराला वेढा पडला. पोलीस सुपरिटेंडंट अलेक्झांडर यांनी जमावाला गाण्यात गुंतवलं आणि आतून गांधींना बाहेर काढलं. कसं? हिंदी शिपायाचा गणवेश घालून. डोक्याला मार बसू नये म्हणून एक ताटली ठेवून तिच्यावर मद्रासी फेटा गुंडाळला. म्हणजे विचारपूर्वक निवडलेला पारशी थाट एकीकडे राहिला, आणि जीव वाचवला तो शिपायाच्या वेषानं. शिपायाकडे कोणी पाहत नाही. गर्दीत मिसळायचं असेल तर वरची पायरी नाही, खालची कामाला येते.

आता जरा वेगळ्या वाटेनं जाऊ. ज्यांचा जीवच वेषांतरावर अवलंबून होता, ते काय करत? रिचर्ड बर्टन हा इंग्रज १८५३ मध्ये मक्केला गेला. आधी त्यानं इराणी दरवेशाचं सोंग घेतलं. कैरोत एका जाणत्या हाजीनं बजावलं, इराणी म्हणून गेलास तर तिथं मार खाशील. मग तो हिंदुस्थानात वाढलेला पठाण झाला. अरब होण्याचा प्रयत्न त्यानं केलाच नाही. अरबी उच्चार चुकला तर चुकला, पठाणच तो! कुमाऊँचे नैनसिंह रावत १८६६ च्या सुरुवातीला ल्हासाला पोचले. पावलं मोजण्यासाठी हातात १०८ ऐवजी १०० मण्यांची माळ, मोजमापाचे कागद प्रार्थनाचक्रात दडवलेले. तेही तिबेटी नाही झाले, कधी बशहरचा व्यापारी झाले, कधी लडाखचा.

यात एक तत्त्व आहे. निष्णात लोक स्थानिक व्हायला जात नाहीत. स्थानिकांना चालेल असा परका होतात. स्थानिक माणसाला कुळी विचारतात, गाव विचारतात. मान्य परक्याला चुका माफ असतात. याचं टोक पाहायचं तर १९४७ सालची अमेरिका पाहा. जेसी रूट्टे नावाचे एक कृष्णवर्णी पाद्री न्यूयॉर्कहून दक्षिणेत, अलाबामातल्या मोबील गावी गेले. आधीच्या खेपेला तिथं अपमान सोसला होता. या वेळी डोक्याला फेटा बांधला, अंगात झगा घातला, बोलण्यात परदेशी हेल आणला. जिथं त्यांच्या रंगाच्या माणसाला बसू देत नसत, तिथं त्यांना आदरानं जेवायला वाढलं. स्वतःच्या देशात माणूस म्हणून वागवलं जावं म्हणून त्यांना परदेशी व्हावं लागलं.

हे ध्यानात ठेवून आपल्या आनंदीबाईंकडे येऊ. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला निघाल्या तेव्हा नुकतं अठरावं पुरं झालेलं. त्याच्या आधी, २४ फेब्रुवारीला, श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी इंग्रजीतून भाषण केलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन, राहणी साधीच ठेवीन, असं त्यांनी भर सभेत सांगितलं. त्याच भाषणात आणखी एक गोष्ट आहे, ती आपण घाईत विसरतो. शिकणारी बाई रस्त्यानं चालली की लोक जमतात, हसतात, खडे मारतात, दुकानदार थुंकतात, हे त्यांनी सांगितलं. कुठं? अमेरिकेत नाही, आपल्याकडे. परकेपणाचा अभ्यास त्यांनी बोटीत बसण्याआधीच पुरा केला होता.

फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात त्या साडीच नेसत. पण नऊवारी काष्ट्यात पोटऱ्या उघड्या राहतात. तिथली थंडी, आणि पाय दिसणं म्हणजे तिथं असभ्यपणा. मग त्यांनी गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली, पाय घोट्यापर्यंत झाकतील अशी. एवढासाच बदल. आम्हाला तो गांधींच्या त्या सगळ्या टोपी-साखळीपेक्षा शहाणा वाटतो. आनंदीबाईंनी पाहणाऱ्याची लाज राखली आणि आपली ओळखही राखली. तिथल्या बाईसारखं दिसण्याचा सोस नाही, आणि "आमच्यात असंच" हा हट्टही नाही. पण ही तडजोड फुकट पडली नाही. घरून येणाऱ्या गोपाळरावांच्या पत्रांत कौतुकाबरोबर टोचणी असे. त्या हवेत त्या अन्नावस्त्रावर प्रकृती खंगत गेली. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. कपडे बदलले असते तर वाचल्या असत्या, असं म्हणणारे भेटतात. क्षयाला कपड्यांचं कारण देणं आम्हाला पटत नाही.

त्या कॉलेजातला १८८५ चा एक फोटो प्रसिद्ध आहे. आनंदीबाई साडीत, जपानच्या केई ओकामी किमोनोत, सीरियाच्या साबात इस्लामबूली आपल्याकडच्या पोशाखात. फोटो पाहून अभिमान वाटतो. पण त्यावर एक प्रश्न विचारावा असंही वाटतं. तो पोशाख त्यांनी जपला होता, हे खरं. तो दाखवला जावा, अशी यजमानांचीही हौस होती का? मान्य परक्याचं तत्त्व इथंही लागू पडतं. साडीमुळे आनंदीबाई "उच्चवर्णीय हिंदू बाई" म्हणून ओळखल्या गेल्या आणि त्यांना घरोघरी मान मिळाला. पंडिता रमाबाईंनी १८८७ मध्ये इंग्रजीत जे पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच 'हाय-कास्ट' हा शब्द आहे. रमाबाईंनी इंग्लंडात ख्रिस्ती झाल्यावरही मांस खाल्लं नाही, आणि क्रूसावरची अक्षरं लॅटिन का, संस्कृत का नकोत, म्हणून तिथल्या भगिनींशी वाद घातला. बाई खमकी. पण खमकेपणालाही जागा लागते, आणि त्यांच्या साडीनं ती थोडी मिळवून दिली होती.

मग ज्याच्या परंपरागत वेषाला अशी जागाच नव्हती, त्यानं काय करायचं?

डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते, मग लंडनला. परतल्यावर १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्याला गेले. त्यांनी स्वतः लिहिलं आहे, की परदेशातल्या त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत याची जाणीवच मनातून पुसली गेली होती. बडोदा स्टेशनावर ती परत आली: उतरायचं कुठं? ते एका पारशी विश्रामगृहात गेले. वरच्या मजल्यावर सामान ठेवून अंगातला कोट वगैरे काढला. तेवढ्यात व्यवस्थापक वर आला आणि त्याला दिसलं, की यांच्या अंगात सदरा नाही आणि कमरेला कस्ती नाही. सदरा आणि कस्ती म्हणजे पारशाची खूण, कपड्याच्या आतली. बाहेरचा विलायती पोशाख पारशालाही चालला असता, आतल्या पोशाखानं घात केला. शेवटी नोंदवहीत पारशी नाव लिहायचं, रोजचा दीड रुपया द्यायचा, असं ठरलं. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले. आंबेडकर खोली सोडून कामाठी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला निघाले.

कस्तुरबांनी पारशी साडी नेसली तेव्हा रुस्तमजींचं घर उघडं होतं. बडोद्याला ते दार उघडलं नाही. यात एका समाजाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. तेव्हाच्या बडोद्यातल्या हिंदू घरांनीही जागा दिली नव्हती, हे त्याच लेखात आहे. मुद्दा असा, की वेष बदलून पायरी निवडण्याची मुभा सगळ्यांना सारखी नसते.

म्हणून १९३१ मध्ये गांधी पंचा नेसून लंडनला गेले आणि लँकेशरमध्ये, डार्वेनच्या गिरणीतल्या बायकांनी त्यांच्याभोवती जमून जल्लोष केला, ते दृश्य मोठं असलं तरी आम्ही ते आदर्श म्हणून सगळ्यांपुढे ठेवत नाही. १९ शिलिंगांची टोपी घालून झाल्यावर ती काढता येते. जिला कधी धड लुगडं नेसू दिलं नाही तिनं काय काढून टाकायचं? १९२७ च्या डिसेंबरात महाडला आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना नेमकं उलट सांगितलं. तुमची लुगडं नेसण्याची तऱ्हा आणि अंगावरचे ते ठरावीक जड दागिने ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे. ती टाका. कोणी जात ओळखू नये असं नेसा. आणि बायकांनी ते लगेच केलं. चित्रे आणि टिपणीस या घरांतल्या स्त्रियांनी नव्या तऱ्हेनं नेसायला त्यांना मदत केली. पोटऱ्या झाकण्यासाठी आनंदीबाईंना फिलाडेल्फिया गाठावं लागलं. या बायकांना त्यासाठी महाड पुरलं. फक्त त्यांचा परदेश त्यांच्याच गावच्या वेशीवर सुरू होत होता.

मागच्या रांगेतून चिठ्ठी आली आहे. विचारलं आहे, "सर, मग नातीचं ऐकणार का?" ऐकणार. बूट तपकिरी घेतले आहेत. मफलरबद्दल मात्र घरात अजून बोलणी चालू आहेत.